ओकावांगोची सफारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडोबा झालं, कान्हा झालं, काहींचं मसाईमाराही झालं, आता पुढे कुठे, असं विचारणारे बरेच जण बोत्स्वानातल्या ओकावांगोपाशी येऊन थांबतात आणि मग ठरावीक प्रश्न पाठवतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसा, शुल्क आणि विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ती अधिकृत ठिकाणी तपासून घ्या.

१. ओकावांगो ही नदी आहे, दलदल आहे की अभयारण्य?

तिन्ही. नदी अंगोलाच्या पठारावर उगम पावते. तिथे तिचं नाव कुबांगो. कुइतो ही तिची मोठी उपनदी. नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून ती मोहेम्बोपाशी बोत्स्वानात येते आणि समुद्राकडे जायचं सोडून कालाहारीच्या वाळूत हाताच्या पंजासारखी फाकते. हाच ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. येणारं बहुतेक पाणी ऊन आणि झाडंझुडपं संपवतात. उरलंसुरलं माउन गावाजवळच्या थामलाकाने नदीतून पुढे बोटेतीकडे जातं.

इतकं पाणी वाफ होऊन जातं तर मागे मीठ का साठत नाही, असा प्रश्न कुणाला पडेल. मीठ साठतं, पण बेटांच्या पोटात. वारुळांपासून सुरू झालेल्या बेटांच्या कडेला मोठी झाडं वाढतात, ती जमिनीखालचं पाणी ओढून घेतात आणि क्षार बेटाच्या मधोमध गोळा होतात. म्हणून बऱ्याच बेटांच्या कडा हिरव्यागार आणि मध्यभाग पांढरट, ओसाड दिसतो. विमानातून हे फार छान कळतं.

२०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हे ठिकाण आलं, ते त्या यादीतलं १०००वं. मोरेमी हे राखीव क्षेत्र याच प्रदेशात आहे. स्थानिक बाटवाना लोकांनी १९६३ मध्ये स्वतःच्या जमिनीवर ते राखून ठेवलं. बाकीचा भाग वेगवेगळ्या कन्सेशनमध्ये वाटलेला आहे (प्र. १७).

२. तिथे पाऊस डिसेंबर-जानेवारीत पडतो म्हणतात आणि पूर जुलैत येतो म्हणतात. नक्की खरं काय?

दोन्ही खरं, आणि सफारीचं सगळं गणित इथेच आहे. पूर येतो तो तिथल्या पावसाचा नसतो, अंगोलातल्या पावसाचा असतो. अंगोलात साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. ते पाणी शेकडो किलोमीटर चालत येतं आणि ओकावांगोची जमीन इतकी सपाट आहे की पाणी लव्हाळ्यांतून, पपायरसमधून अक्षरशः रेंगाळत सरकतं. उत्तरेच्या टोकाला ते मार्च-एप्रिलच्या सुमारास चढतं, माउनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो.

म्हणजे आकाशात ढगाचा पत्ता नाही, आजूबाजूचा मुलूख वाळून कोळ झालेला, आणि नेमक्या त्याच वेळी ओकावांगोत पाणी वाढतंय. बाहेरचे प्राणी आपसूक पाण्याकडे येतात.

आपल्याकडचा ‘पावसात जंगल बंद, उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ’ हा हिशोब इथे लावू नका. आधी पाण्याचं वेळापत्रक बघा, मग महिना ठरवा, मग कॅम्प. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात.

३. मग जायचं कधी? आमच्या सुट्ट्या मे, दिवाळी किंवा नाताळ.

मे महिना चांगला. पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, गवत अजून थोडं उंच म्हणून प्राणी शोधायला वेळ लागतो. उत्तरेकडच्या भागात पाणी आलेलं असतं, दक्षिणेकडे अजून वाट बघावी लागते. जुलै-ऑगस्टपेक्षा बऱ्याच ठिकाणी दरही कमी. शाळेतली मुलं बरोबर असतील तर मी मे महिनाच सुचवेन.

जून ते ऑगस्ट ही तिथली थंडी. पाणी भरपूर, होडीतून फिरायला सगळ्यात उत्तम काळ. पहाटे उघड्या जीपमध्ये तापमान पाच अंशांच्या आसपास जाऊ शकतं. आफ्रिका म्हणजे ऊन, असं डोक्यात ठेवून पातळ शर्ट घेऊन आलेली मंडळी कॅम्पने दिलेली गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दिसतात.

दिवाळी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सुरुवातीचा काळ. उष्मा जबरदस्त, दुपारी चाळिशीपार. ओकावांगोतलं पाणी ओसरू लागलेलं, पण प्राणी बघायला हाच सर्वात भरघोस काळ, विशेषतः चोबे नदीवर. हत्तींचे कळपच्या कळप.

नाताळात पाऊस, हिरवळ, इम्पालाची नवी पिल्लं, युरोपातून आणि मध्य आफ्रिकेतून आलेले पक्षी. प्राणी पांगलेले असतात आणि मातीचे रस्ते चिखलाने बंद पडू शकतात. पक्षी बघणाऱ्यांनी जरूर जावं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, ज्यांना सिंह, हत्ती, बिबट्या बघायचाच आहे, त्यांनी टाळावं.

४. बिग फाइव्ह सगळे दिसतात का? आणि वाघ?

वाघ आफ्रिकेत नाही, हा प्रश्न अजूनही येतो म्हणून लिहिलं. सिंह, बिबट्या, हत्ती, केप बफेलो हे चार दिसण्याची शक्यता उत्तम. गेंड्याची आशा धरू नका. या शतकाच्या सुरुवातीला ओकावांगोत गेंडे पुन्हा आणून सोडले होते, पण चोरट्या शिकारीने त्यांचा फडशा पाडला आणि उरलेल्यांतले बरेच दुसरीकडे हलवावे लागले. गेंडा बघायचाच असेल तर सेरोवेजवळचं खामा गेंडा अभयारण्य वाटेत घाला, पण ते बरंच लांब आहे.

खरं म्हणजे पाचाच्या यादीसाठी एवढ्या लांब जाऊ नये. इथली खासियत वेगळी आहे. पाण्यातून उड्या मारत जाणारी लाल लेचवे हरणं, पपायरसमध्ये लपणारं सितातुंगा, मत्स्यगरुड, वॅटल्ड क्रेन, आणि रात्री नशीब असेल तर मासे पकडणारं पेल्सचं भलंमोठं तांबूस घुबड. जून ते ऑगस्टमध्ये आफ्रिकी रानकुत्र्यांच्या गुहेत पिल्लं असतात, त्यामुळे टोळी एकाच जागेच्या आसपास राहते आणि सापडते. हा आपला कोळसुंदा नव्हे. अंगावर काळे-पिवळे-पांढरे ठिपके, कान गोल आणि मोठे, पायाला चारच बोटं.

५. केनिया-टांझानिया की बोत्स्वाना?

आफ्रिकेची पहिलीच खेप आणि बेताचं बजेट असेल तर केनिया किंवा टांझानिया. मोकळी मैदानं, प्रचंड कळप, मुंबईहून सोपा प्रवास. गर्दीचा कंटाळा आला असेल, पाण्यातून जंगल बघायचं असेल आणि खिसा तयार असेल तर बोत्स्वाना.

६. एवढं महाग का? दर वाचून घाम फुटला.

फुटणारच. ओकावांगोच्या आतल्या कॅम्पमध्ये हंगामात माणशी एका रात्रीचे ७००-८०० डॉलरपासून १,५००-२,००० डॉलर आणि त्याहून जास्तही लागतात. बोत्स्वानाने ठरवूनच हा मार्ग धरलाय : पर्यटक थोडे आणि प्रत्येकाकडून पैसा जास्त. आतले बरेच कॅम्प दहा-बारा तंबूंचे, काही त्याहूनही लहान. रस्ता नाही. अंडी, डिझेल, गाद्या, कामगार, सगळं छोट्या विमानाने किंवा होडीने न्यावं लागतं.

त्या दरात राहणं, तिन्ही वेळचं जेवण, दोन वेळच्या सफारी, गाइड, बहुतेक ठिकाणी पेयं आणि कपडे धुणंही येतं. आत गेल्यावर पाकीट काढायची वेळ फक्त टिपेसाठी येते (प्र. २०). दोन कॅम्पची तुलना करताना नुसता रात्रीचा दर बघू नका. माउनहून विमानाचं भाडं आणि उद्यान शुल्क त्यात आहे का, ते विचारा. अनेक ‘स्वस्त’ कोटेशनची स्वस्ताई तिथेच संपते.

७. कमी पैशांत ओकावांगो बघता येतं का?

येतं, पण सगळं नाही. तीन मार्ग आहेत.

पहिला, माउनमध्ये साध्या लॉजला राहायचं आणि तिथून दिवसाच्या सफारी करायच्या. बोरो भागातून स्थानिक सामुदायिक ट्रस्टचे मोकोरोवाले (मोकोरो म्हणजे अरुंद होडी, प्र. १८) तुम्हाला पाण्यात नेतात; दिवसाची फेरी करा, नाहीतर बेटावर तंबूत एक-दोन रात्री काढा. यात पैसा थेट गावात जातो. शिवाय माउनच्या विमानतळावरून छोट्या विमानाची पाऊण-एक तासाची प्रेक्षणीय फेरी मिळते. पाच जण मिळाले तर भाडं वाटलं जातं आणि आतल्या कॅम्पच्या एका रात्रीहून पुष्कळ कमी पडतं. माझ्या मते माउनपर्यंत जाऊन ही फेरी न करणं म्हणजे शुद्ध चूक.

दुसरा, फिरत्या तंबूंची सफारी. कंपनीचा ट्रक, गाइड, स्वयंपाकी, आणि मोरेमी, ख्वाई, साव्हुटी अशा सार्वजनिक कॅम्पसाइटवर मुक्काम. दर लॉजपेक्षा कितीतरी कमी.

तिसरा, स्वतःची गाडी. तो सोपा नाही (प्र. १६).

८. आठ दिवसांत ओकावांगो, चोबे, कालाहारी, व्हिक्टोरिया धबधबा सगळं बसेल का?

कागदावर बसेल. प्रत्यक्षात तुम्ही विमानतळ आणि सामान बघाल. एका कॅम्पमध्ये निदान तीन रात्री द्या. पहिल्या दिवशी तुम्ही दुपारी पोचता, शेवटच्या दिवशी सकाळी निघता, म्हणजे दोन रात्रींत पूर्ण दिवस एकच मिळतो. आठ रात्री असतील तर ओकावांगोत पाण्यावरचा एक कॅम्प, ख्वाई किंवा मोरेमीत जमिनीवरचा एक, आणि उरलेल्या दोन रात्री कसानेला चोबे नदी. कालाहारी पुढच्या खेपेला.

९. मुंबई-पुण्याहून कसं जायचं? व्हिसा कुठे अडकतो?

प्रवेशद्वारं दोन : माउन आणि कसाने. बहुतेक लोक जोहान्सबर्गला उतरून तिथून पुढचं विमान घेतात. आदिस अबाबा, नैरोबी किंवा आखाती देशांमार्गे जोडण्या मिळतात.

भारतीय पासपोर्टवर बोत्स्वानाचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

घोळ होतो तो जोहान्सबर्गला. मुंबईपासून माउनपर्यंत एकच तिकीट असेल, सामान थेट पुढे जात असेल आणि तुम्ही आंतरराष्ट्रीय भागातच थांबणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागत नाही. पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायला व्हिसा हवा. बऱ्याचदा मुंबईच्या काउंटरवरच थांबवतात. रात्री हॉटेलात झोपायचं असेल तरीही व्हिसा हवाच.

१०. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल का? एजंट एक सांगतो, मित्र दुसरं.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण उत्तर तुमच्या मार्गावर ठरतं. बोत्स्वानात पिवळा ताप नाही. भारतातून थेट आखातामार्गे जाऊन तसंच परत येणाऱ्याला लस लागत नाही. पण इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश धरले जातात. तिथे राहून पुढे जात असाल किंवा विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबत असाल तर दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते, आणि परत येताना आपले भारतीय अधिकारी तर या बाबतीत फारच कडक आहेत. प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

आदिस किंवा नैरोबीमार्गे तिकीट असेल तर मी लस घेऊनच जा म्हणेन. विमान चुकलं आणि थांबा लांबला, तर वाद घालायची वेळ नको. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. वयस्कर आणि काही आजार असलेल्यांना ही लस देता येत नाही, तेव्हा डॉक्टरांशी आधी बोला आणि गरज पडली तर विमानाचा मार्गच बदला.

११. मलेरिया?

आहे. बोत्स्वानाच्या उत्तर भागात, म्हणजे नेमका तुमचा सगळा प्रवास जिथे आहे तिथे. धोका पावसाळ्यापासून जूनपर्यंत जास्त, कोरड्या थंडीत कमी. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही गोळ्या परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात, आणि घरी आलो म्हणून त्या सोडून देणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आधी सांगा.

त्से-त्से माशीबद्दल विचारणाऱ्यांसाठी : ओकावांगोतून ती या शतकाच्या सुरुवातीला हवाई फवारणीने संपवली. ‘निळे कपडे घालू नका’ हा सल्ला झांबियाच्या लुआंग्वासारख्या ठिकाणी अजून खरा आहे.

१२. मुलांना नेता येईल का? मुलगी सात वर्षांची आहे.

येईल, पण कॅम्प बघून. बरेच कॅम्प सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मोकोरो आणि पायी सफारीसाठी वयाची अट आणखी वर असते, साधारण १२ आणि १६, आणि काही ठिकाणी लहान मुलं असतील तर पूर्ण जीप स्वतंत्र घ्यावी लागते. कसानेची मोठी बोट सात वर्षांच्या मुलीसाठी उत्तम.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. आजी-आजोबा नातवंडांना नेत असतील तर दोन्ही पालकांचं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजीतला प्रमाणित उतारा घ्या.

१३. आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. झेपेल?

जीप झेपते, पायरी उंच असते तेवढीच. कॅम्पला सांगितलं तर स्टूल ठेवतात. मोकोरोत तळाशी जवळजवळ मांडी घालून बसावं लागतं आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो, तिथे विचार करा. छोट्या विमानाची शिडीही अरुंद असते. आत दवाखाना नाही, म्हणून आजारी माणसाला विमानाने बाहेर काढण्याची सोय असलेला विमा घेतल्याशिवाय त्यांना नेऊ नका. रोजची औषधं हातातल्या पिशवीत.

१४. आम्ही शाकाहारी, सासूबाई जैन. जेवणाचं काय?

आतल्या लॉजमध्ये भारतीय पाहुणे नवीन नाहीत. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आणि ‘जैन’ एवढं लिहून भागत नाही : कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, आलं, अंडं यांतलं काय काय नको, ते एक-एक करून लिहा. विमान आठवड्यातून ठरावीक दिवशी सामान आणतं, ऐनवेळी सांगितलेली भाजी जंगलात उगवत नाही. स्थानिक जेवणात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा (त्याला ‘पाप’ म्हणतात) आणि मोरोगो ही पालेभाजी मिळते. मोरोगोवर आपल्याकडची लसणाची चटणी छान लागते (सासूबाईंना सोडून).

ठेपले, चिवडा, खाकरा चालतात. दूध-तुपाचे पदार्थ, बिया, ताजी फळं सीमेवर काढून घेऊ शकतात. लाडूंवरून अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नका.

१५. २० किलो आणि मऊ बॅग ही सक्ती खरंच पाळतात का?

पाळतात. सेसना जातीच्या छोट्या विमानांत सामानाचा कप्पा पोटाखाली असतो आणि त्यात कडक सुटकेस जातच नाही. २० किलो हे कॅमेऱ्याच्या आणि हातातल्या पिशवीसकट. चाकं आणि दांडी असलेली बॅगही नको. उरलेलं सामान माउनमध्ये कंपनीकडे ठेवता येतं. तुमचं वजन १०० किलोच्या पुढे असेल तर आधी सांगा, तोल साधायला जादा सीटचे पैसे घेतात. लाजून लपवण्याची ही गोष्ट नाही.

कपडे खाकी, मातकट, हिरवट. ताडोबासाठी घेतलेली लष्करी छापाची पॅंट आणि टोपी मात्र घरीच ठेवा. झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य माणसाने तसे कपडे घालणं गुन्हा आहे.

विजेचं सांगायचं तर आपल्या गीझरची मोठी तीन गोल पिनांची पिन तिथे बऱ्याच ठिकाणी बसते. इंग्लंडची चौकोनी पिनही दिसते, म्हणून एक अॅडॉप्टर ठेवा.

१६. आम्ही लेह-लडाख गाडीने केलंय. मोरेमी-साव्हुटी स्वतः चालवत करू का?

गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे, परवाना आणि आंतरराष्ट्रीय परमिट चालतं, इथपर्यंत सोपं. पुढे वाळू. घाटात गाडी चालवणं वेगळं आणि खोल, सैल वाळूत चालवणं वेगळं. टायरमधली हवा बरीच उतरवावी लागते, पंप जवळ हवा, आणि गाडी रुतली की खाली उतरून खणताना मागे कुणीतरी झुडपांवर नजर ठेवावी लागते. माउनपासून कसानेपर्यंत जंगलमार्गे गेलात तर मध्ये पेट्रोल पंप नाही. पाण्यातून जाताना ‘उतरून खोली बघू’ असं करू नका, मगरी आहेत. ताज्या चाकोऱ्या बघा, नाहीतर दुसऱ्या गाडीची वाट बघा. एकच गाडी असेल तर सॅटेलाइट फोन घ्या.

कॅम्पसाइट खासगी कंपन्यांकडे विभागलेल्या आहेत आणि हंगामात कित्येक महिने आधी भरतात. आरक्षणाशिवाय गेटवर जाऊन ‘बघू काहीतरी’ चालत नाही.

मुक्कामावर संत्री-मोसंबी नेऊ नका. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो आणि गाडीचं दार हा त्याच्यासाठी अडथळा नसतो. नागपूरकरांनी हे विशेष मनावर घ्यावं. चामड्याचे बूट तंबूबाहेर ठेवले तर तरस उचलून नेतात.

रस्त्यावर गुरांच्या रोगांसाठीच्या कुंपणाची नाकी लागतात. तिथे टायर आणि बुटांचे तळवे औषधात बुडवतात, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस नेऊ देत नाहीत. शाकाहारी गाडी त्यातल्या त्यात लवकर सुटते.

१७. एका गाइडने गाडी गवतात घातली, दुसऱ्याने सिंह दिसत असूनही रस्ता सोडला नाही. नियम कुठला खरा?

जागेनुसार. मोरेमी आणि चोबे ही सरकारी संरक्षित क्षेत्रं आहेत : रस्ता सोडायचा नाही, सूर्यास्तानंतर फिरायचं नाही. कन्सेशन म्हणजे कंपनीला किंवा गावाच्या ट्रस्टला काही वर्षांसाठी दिलेला भाग. नकाशावर त्यांना एनजी आणि क्रमांक असतो, एनजी म्हणजे नगामीलॅंड. तिथे रात्रीची सफारी, पायी फिरणं, बिबट्यामागे झुडपांत जाणं चालतं, आणि गाड्याही मोजक्याच. जादा पैसे बऱ्याच अंशी याचेच. रात्री फिरायचं असेल तर ‘मोरेमीतला कॅम्प’ घेऊन चालणार नाही. ख्वाईचा गावाकडचा भाग हा मधला, तुलनेने परवडणारा पर्याय.

काही कन्सेशनमध्ये परवान्याने शिकारही चालते. २०१४ मधली बंदी २०१९ मध्ये उठवली गेली. छायाचित्रणाच्या सफारीचे भाग वेगळे असतात, पण शेजारी काय चालतं हे कंपनीला विचारण्यात गैर काही नाही.

१८. मोकोरो बुडतो का? मला पोहता येत नाही.

मोकोरो म्हणजे एका लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेली अरुंद होडी. आता झाडं वाचवण्यासाठी बहुतेक फायबरग्लासच्या असतात. दोन प्रवासी पुढे, मागे उभा राहून लांब काठीने रेटणारा माणूस. काठीला न्गाशी म्हणतात. वाट उथळ पाण्यातून असते, अनेकदा कमरेइतक्या. हलू नका, वाकू नका, फोटोसाठी उभे राहू नका. पाण्यात हात घालू नका. लाइफ जॅकेट मागा.

धोका असलाच तर पाणघोड्याचा. म्हणून मोकोरोवाले खोल पाणी टाळून कडेकडेने जातात, पाणघोड्याचा हुंकार ऐकून थांबतात, वाट बदलतात. त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं.

इंजिन नाही, त्यामुळे नजर बारीक गोष्टींवर जाते. लव्हाळ्याच्या काडीला चिकटलेला, नखाएवढा, रंगीत पट्ट्यांचा बेडूक गाइड बोटाने दाखवतो आणि तरी तुम्हाला तो सापडायला वेळ लागतो. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालतो. लव्हाळ्यांमधून जाताना कोळ्यांची जाळी तोंडावर येतात, ती आधीच सांगून ठेवतो.

१९. कॅम्पला कुंपण नाही म्हणे. मग झोपायचं कसं?

बहुतेक ठिकाणी नाही. हत्ती तंबूशेजारी फांद्या मोडतात, पाणघोडे रात्री गवत खायला वर येतात. तंबूची चेन लावून आत राहिलात तर काळजी नाही. अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत कर्मचारी सोडायला येतो. दहा पावलांवर असला तरी त्याची वाट बघायची. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही. माकडं दिवसाही चेन उघडतात.

२०. टिप किती?

सक्ती नाही. रिवाज असा की गाइडला माणशी दिवसाला साधारण १० डॉलर, मोकोरोवाल्याला त्याच्या निम्मे, आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांसाठी सामायिक पेटीत वेगळे. डॉलर किंवा पुला, दोन्ही चालतात. सुट्ट्या नोटा माउनलाच करून घ्या.

२१. व्हिक्टोरिया धबधबा जोडायचाच आहे. कोणत्या बाजूने?

कसानेहून रस्त्याने साधारण दोन तासांत पोचता येतं. धबधबा झांबेझी नदीचा, ओकावांगोचा नाही. चोबेचं पाणी मात्र कझुंगुलापाशी झांबेझीला मिळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं की तुषारांमुळे धबधबाच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला झांबियाची बाजू जवळजवळ कोरडी पडते, तेव्हा झिंबाब्वेची बाजू घ्या. जून ते ऑगस्ट दोन्ही बाजू छान.

व्हिसाचा पेच असा : काझा युनिव्हिसा झांबिया आणि झिंबाब्वे मिळून आहे. त्यावर बोत्स्वानात दिवसापुरतं जाऊन येता येतं, मुक्काम केला की तो बाद. आधी धबधबा, मग ओकावांगो, मग विमानासाठी पुन्हा धबधबा असा कार्यक्रम असेल तर दुसऱ्यांदा नवा व्हिसा लागतो. त्यापेक्षा माउनहून आत आणि धबधब्याहून बाहेर, अशी एकमार्गी आखणी करा. युनिव्हिसा भारतीय पासपोर्टला सध्या मिळतो का, ते त्या देशांच्या दूतावासाकडे विचारून घ्या.

२२. ड्रोन नेऊ का?

नको. उद्यानांत बंदी आहे आणि बाहेरही परवानगी लागते. त्या वजनात दुर्बीण न्या.

२३. पाणी आलंच नाही तर? पैसे परत मिळतात का?

परत मिळत नाहीत. पाणी दरवर्षी सारखं येत नाही; २०१९ मध्ये ते फारच कमी आलं होतं आणि कित्येक कॅम्पवर होड्या वाळूत पडून होत्या. अशा वेळी कॅम्प होडीऐवजी जीपची सफारी देतात. उलटही होतं : पाणी जास्त आलं की जीपचे रस्ते बुडतात आणि जमिनीवरच्या सफारीसाठी गेलेला माणूस बोटीत बसतो.

म्हणून नुसतं ‘मोकोरो आहे का’ असं विचारू नका. कॅम्प बारमाही पाण्यावर आहे की हंगामी पाण्यावर, तुमच्या महिन्यात गेल्या दोन-तीन वर्षांत मोकोरो चालला होता का, आणि नाही चालला तर त्या बदल्यात काय, हे तीन प्रश्न बुकिंग करतानाच ईमेलवर विचारा आणि आगाऊ रक्कम उत्तर आल्यावरच भरा.